जीन्स घेताना नंबर नाही, माप पाहा. खारपाणपट्ट्यात धुताना ही काळजी घ्या

अमरावती/अकोला : कॉलेज असो, लग्न असो की बाजाराचा दिवस, जीन्स सगळीकडेच चालते. पण लेबलवर ३२ लिहिलेली एक पँट कंबरेला घट्ट, तर दुसरी ढिली, असं नेहमीच होतं. त्यात खारं पाणी लागलं की नवी पँट लवकर जुनी दिसते. घेताना दहा मिनिटं जास्त दिली आणि धुण्याची पद्धत बदलली, तर कमी पैशातली जीन्सही बरेच दिवस टिकते.

माप असं घ्या

घरातली अंगाला बरोबर बसणारी जुनी पँट बटन लावून जमिनीवर सपाट पसरा. कंबरपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून दुप्पट करा. ती झाली कंबर. दोन्ही पायांच्या जोडापासून मोहरीपर्यंत आतली लांबी मोजा. मांडीची रुंदीही मोजा. तिन्ही आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दुकान असो की ऑनलाइन, हेच आकडे ताडून पाहा.

दुकानात पँट घालून उकिडवे बसा, मांडी घाला. मागून कंबर खाली सरकली किंवा मांडीत ओढ बसली, तर ती ठेवून द्या. लांबी शिंपी कमी करून देतो, कंबरही थोडी आवळता येते. मांडीत घट्ट असलेली पँट मात्र सैल करणं अवघड. कापड शंभर टक्के सुती असेल तर पहिल्या धुण्यात थोडं आटू शकतं. म्हणून एकदा धुऊनच लांबी कापा.

भाव कसा पाहावा?

समजा, ५०० रुपयांची पँट सहा महिन्यांत फाटली आणि ८०० ची दीड वर्ष चालली. पहिली महिन्याला ८३ रुपयांना पडली, दुसरी ४४ रुपयांना. त्यामुळे मांडीच्या जोडाची शिवण दुहेरी आहे का, चेन अडकते का, हे आधी पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे. अमरावतीजवळची बिझीलँड, सिटीलँड ही मुख्यतः घाऊक बाजारपेठ आहे. एकच पँट घ्यायची असेल तर घालून पाहता येईल असं दुकान बरं.

धुताना

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर भागात बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा पांढरा थर कापडावर बसतो, पँट कडक होते. त्यामुळे वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरा आणि शेवटचं खंगाळणं तरी नळाच्या गोड्या पाण्यात करा.

मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं रंग पक्का होतो, हा समज चुकीचा. नीळ धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेली असते, ती थोडी सुटणारच. पहिले दोन-तीन वेळा पँट वेगळी धुवा. नेहमी उलटी करून, थंड पाण्यात धुवा. ब्रश घासू नका. उन्हाळ्यात सावलीत वाळवा. कडक उन्हानं रंग उडतो. ताणणाऱ्या जीन्सला गरम पाणी आणि कडक इस्त्री नको, ताण जातो.

मांडीत कापड विरळ दिसू लागलं की लगेच रफू करा. भोक पडल्यावर खर्च वाढतो.

सदोष माल निघाला तर?

बिल जपून ठेवा. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.