हिशेबाबाहेरची भाजी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देवगिरीचा किल्ला उभा राहतो, मलिक अंबरची नहर येते, फार झाले तर पैठणी. आज यांतले काही सांगणार नाही. आज आपण हरभऱ्याच्या वावरात जाऊ.

मार्गशीर्ष लागला आहे. पेरून महिना-सव्वा महिना झालेला हरभरा वीतभर वर आला आहे आणि बायका ओळीने वाकून त्याचे शेंडे खुडताहेत. दोन-तीन कोवळी पाने आणि मधला कोंब, एवढेच नखाने घ्यावयाचे. रोप उपटता कामा नये. शेंडा गेला की रोप उंच न जाता बाजूंनी फुटते आणि फांद्या वाढल्या की घाटेही जास्त लागतात. फुले दिसली की खुडणे बंद. म्हणजे भाजी मिळाली ती मिळालीच, वर पिकाचीही मशागत झाली. कृषितज्ज्ञ आता असे शेंडे खुडावयास सांगतात. आमच्या आजीला ते कोणी सांगितले नव्हते.

या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट रस पाझरतो. हरभऱ्यातून चालत गेलेल्याच्या वहाणांचे काय होते, हे आपणांस ठाऊक आहेच. रात्री पिकावर स्वच्छ धोतर पसरून ठेवीत, पहाटे ते दंवाने भिजले की पिळून घेत. तीच हरभऱ्याची आंब. बाटलीत भरून ठेवायची आणि पोट दुखले की थोडी पाण्यातून द्यायची. भाजीची चवही या आंबटपणातच आहे, म्हणून पुष्कळजणी ती धूतच नाहीत. लसणाची फोडणी, मिरचीचा ठेचा, मूठभर डाळ, शेंगदाण्याचे कूट. भाजी शिजली की ज्वारीचे पीठ लावून घोटायची आणि गरम भाकरीबरोबर खायची. (यातली मिरची आणि शेंगदाणा हे दोघेही अमेरिकेहून आलेले पाहुणे. सातवाहनांच्या पैठणात ही भाजी झाली असेल, तर ती मिऱ्यानेच तिखट झाली असेल.) उरलेली पाने सावलीत वाळवून गाडग्यात भरून ठेवीत, चैत्र-वैशाखात हिरवे काही मिळेनासे झाले, की तिची आठवण होई.

हरभरा मूळचा आपला नव्हे. त्याचा रानटी पूर्वज आजही तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सापडतो. तिकडून तो हजारो वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. कडधान्याचे कोवळे शेंडे खाणारे आपण एकटे नाही, चिनी माणूस वाटाण्याचे शेंडे मोठ्या आवडीने खातो. पण आपल्याकडच्या या शेंड्यांचा इतिहास कुठे लिहिला आहे, हे शोधू गेलो तेव्हा हाती फारसे काही लागले नाही.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातएकशे गाथा. राजा पैठणचा, पण गाथांत दरबार थोडा आणि शिवार फार: भात राखणाऱ्या मुली, कापसाची पेरणी, तागाचे रान. पुढे कागदपत्रे वाढली तसे शिवारातले हे माणूस मागे पडले. १६१० मध्ये खडकी वसविणारा मलिक अंबर, म्हणजे आजच्या आपल्या छत्रपती संभाजीनगरचा संस्थापक, सारापद्धतीसाठी नावाजला गेला. जमिनीची पाहणी करावी, तिचा मगदूर पाहावा आणि सारा ठरवावा, ही त्याची रीत. १६२६ मध्ये तो वारला. राज्ये बदलली, निजामाचा अंमल आला नि १९४८ साली गेला. पण दप्तराची नजर जमिनीवर आणि खळ्यावरच राहिली. शेंडे खळ्यावर येतच नाहीत. रास पडण्याच्या दोन महिने आधी ते कुणाच्या तरी ओटीत गेलेले असतात. म्हणून ते दप्तरात नाहीत आणि म्हणून आमच्या पुस्तकांतही नाहीत.

रानभाज्या कागदावर आल्या त्या दुष्काळामुळे. १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा २५ वा खंड निघाला, त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचा वेगळा भाग आहे. साहेबांनी मेहनत घेतली हे खरे, पण त्यामुळे पाला खाणे म्हणजे उपासमार, अशी समजूत शिकलेल्या मंडळींत रुजली असे मला वाटते. बायांना तसे वाटत नव्हते. त्यांच्या दृष्टीने चाकवत, पाथरी, घोळ, तांदुळजा हे चांगल्या सालातलेही जेवण होते. वाईट साली ते उपयोगी पडले, कारण आधीपासून ओळखीचे होते.

१९७२ चा पावसाळा कोरडा गेला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. अमेरिकेहून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी घशाखाली उतरत नसे. आजी सांगे, मागल्या सालची वाळवलेली हरभऱ्याची भाजी गाडग्यात होती, ती चिमूट-चिमूट काढून पाण्यात उकळायची आणि त्यात भाकरी कुस्करायची. गाडगे आमचे, पण भाजी दुसऱ्याच्या रानातली. आमच्या गावी ओटीभर शेंडे खुडले तर मालक हटकीत नसे. भूमिहीन बाईचा तेवढा हक्क न लिहिता चालत आला होता.

गेल्या हिवाळ्यात वर्गात मी हे सांगितले. तुमच्या घरी कोणकोणता पाला खातात, त्याची यादी आईला किंवा आजीला विचारून आणा, असे मुलांना म्हटले. (गुरुजींनीही आपल्या शाळेत हे करून पाहावे, नावे गावागणिक बदलतात.) दुसऱ्या दिवशी एका मुलीने सतरा नावे आणली, आणि त्यांतल्या नऊ नावांवर फुली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, गव्हात तणनाशक मारतात, त्यामुळे चाकवत नि पाथरी उगवतच नाही. आणि हरभऱ्यावर घाटेअळीचा फवारा असतो, म्हणून मालक खुडू देत नाही. आई म्हणाली, त्याचं बरोबरच आहे. पण मग आम्ही काय खुडायचं?"

ती यादी मी जपून ठेवली आहे.