उंबऱ्यावरचा अब्राहाम

अब्राहाम हागार आणि इश्माएल यांना घराबाहेर काढतो, हा प्रसंग रेम्ब्रांटने १६३७ साली एचिंगमध्ये केला. ठसा जेमतेम पोस्टकार्डाएवढा.

कथा उत्पत्तीच्या पुस्तकातली. साराला मूल होईना, म्हणून तिनेच आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. पुढे उतारवयात साराला इसहाक झाला आणि वारशात वाटेकरी ठरेल असा हागारचा इश्माएल तिला डोळ्यांसमोर नकोसा झाला. अब्राहामला ते फार जड गेलं. पण देवाने साराचं ऐकायला सांगितलं. पहाटे उठून त्याने भाकरी आणि पाण्याची मसक देऊन मायलेकांना वाटेला लावलं.

रेम्ब्रांटने दाराबाहेरचा क्षण निवडला. हागार रुमालाने डोळे पुसते आहे. इश्माएल पाठमोरा, त्याचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. खिडकीतून सारा पाहते आहे, आणि हसते आहे. दाराआडच्या अंधारातून इसहाक डोकावतो. मधोमध उंची झगा ल्यालेला अब्राहाम, एक पाय पायरीवर. त्याचे हात दोन दिशांना पसरलेले : एक घराकडे, एक निघालेल्यांकडे.

हे चित्र पाहताना चित्रकाराच्या आयुष्यातलं पुढचं प्रकरण मला बाजूला ठेवता येत नाही. १६४२मध्ये पत्नी सास्किया वारली, तेव्हा टीटस वर्षाचाही नव्हता. त्याला सांभाळायला गेर्टये डिर्क्स ही विधवा घरात आली आणि पुढे रेम्ब्रांटची सोबतीण झाली. मग हेन्ड्रिक्ये स्टोफेल्स आली. १६४९मध्ये गेर्टयेने लग्नाचं वचन मोडल्याची फिर्याद केली. त्याने तिला दरसाल २०० गिल्डर द्यावेत, असा निकाल लागला. १६५०मध्ये तिला गाउडाच्या सुधारगृहात कोंडण्यात आलं. त्यात रेम्ब्रांटचा हात होता. १६५५मध्ये ती सुटली, तीही त्याचा विरोध असताना.

चित्र आधीचं, कोंडणं तेरा वर्षांनंतरचं. तेव्हा त्यात पश्चात्ताप शोधण्यात अर्थ नाही. मला एवढंच दिसतं, की घराबाहेर काढलेल्या बाईचं रडणं या माणसाने फार नीट पाहिलं होतं, आणि तेवढं पाहणं गेर्टयेच्या कामी आलं नाही.

म्हणून चित्र उणं ठरत नाही. पण अब्राहामच्या पसरलेल्या हातांपाशीच आपली सहानुभूती थांबते, तेव्हा मी इश्माएलच्या पाठीकडे पाहतो. त्या पोराला बापाची घालमेल काय कामाची? त्याच्या वाट्याला आलं ते मसकभर पाणी, आणि वाळवंटात तेही संपलं.