परीक्षानळी आणि गुणपत्रक

सातारा आणि सांगली हे जे दोन जिल्हे आज नकाशावर स्वतंत्र दिसतात, ते इंग्रजी अमदानीत एकाच सातारा जिल्ह्याच्या नावाखाली आणि त्यात विखुरलेल्या सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशा संस्थानांच्या हद्दींत विभागलेले होते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. राज्यकर्ते, हद्दी आणि दप्तरे बदलत गेली, तरी कृष्णाकाठच्या या भूभागातील शाळांच्या इतिहासात एक गोष्ट मात्र सातत्याने दिसून येते, ती ही की, येथे रसायनशास्त्राची परीक्षा आधी आली आणि प्रयोगशाळा मागाहून आली. या उलट्या क्रमाचे परिणाम आपण अद्याप भोगीत आहो, असे माझे मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली; महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. त्यानंतर थोड्याच वर्षांत इलाख्यातील शाळांना सरकारी अनुदान देण्याचा असा शिरस्ता पडला की, तपासनीसाने शाळेत येऊन मुलांची परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले ज्या विषयात उतरतील तितक्या प्रमाणात रकमेस मंजुरी मिळावी. हा तपासनीस, म्हणजेच दिपोटी, येणार म्हटले की, पंतोजीपासून शिपायापर्यंत साऱ्या शाळेस जो कंप सुटे, त्याचे मूळ या तजविजीत होते. ज्या विषयाचे फळ एका दिवसात, उभ्याउभ्या, तोंडी प्रश्नोत्तरांनी दाखविता येते, तोच विषय अशा व्यवस्थेत फोफावणार हे उघड होते. म्हणून पाठांतर, शुद्धलेखन आणि हिशेब यांस भाव आला, आणि ज्यास साहित्य, पाणी, अग्नी आणि सवड लागते ते प्रायोगिक शास्त्र मागे पडले. वर्गात मुले क्रमांकाप्रमाणे बसत आणि उत्तर बरोबर आले की एक जागा वर चढत, पण परीक्षानळी हाती धरण्याच्या कौशल्यावरून जागा वर चढल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे आणि घराण्याचे नाव इलाखाभर होई. रसायनात पारंगत झालेल्या मुलास तसा मान जनमानसात नव्हता, आणि बुद्धिमान मुलांचा ओघ कोणीकडे वळेल हे मानाच्या जागेवरूनच ठरत असते.

मराठीत रसायनाची पुस्तके नव्हती असे मात्र नव्हे. शेजारच्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शास्त्रविषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन आणि पदार्थविज्ञान या विषयांवर जे विपुल लेखन केले, ते आजही कोणाही अभ्यासकाने आदराने चाळावे असे आहे. परंतु पुस्तक पोहोचले तरी भट्टी, तराजू आणि आम्लाची बाटली त्याच्याबरोबर पोहोचतेच असे नाही, आणि तालुक्याच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्यास गंधकाम्लाचे गुणधर्म, त्याचा एक थेंबही न पाहता, क्रमवार म्हणून दाखविणे भाग पडत होते.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाचे वर्ग राजवाड्यात भरत. तेथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या हजेरीत दाखल झाले, आणि तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या बालपणाविषयी जे लिहून ठेवले, त्यात वर्गातील गुणानुक्रमाने जागा न मिळता एका कोपऱ्यात आपल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नळ सोडील तेव्हाच तहान भागे, ही हकीकत आहे. शिक्षणाच्या इतिहासात ती सामाजिक अन्यायाची नोंद म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु रसायनाच्या शिक्षकाने ती आणखी एका दृष्टीने वाचावी अशी माझी विनंती आहे. प्रयोगशाळा म्हणजे सामाईक नळ, सामाईक तराजू, सामाईक बाटल्या आणि एकाने धुऊन ठेवलेले चंचुपात्र दुसऱ्याने उचलणे. ज्या शाळेत एका मुलाच्या हाताला नळच वर्ज्य, त्या शाळेत त्या मुलाच्या रसायनाचे मापन कोणत्या न्यायाने करावे? गुण देणाराने सर्व हात एका पातळीवर आले आहेत असे गृहीत धरलेले असते, आणि हे गृहीतकृत्य खरे करून दाखविण्यास या प्रांतास पुढे कित्येक वर्षे लागली.

ते खरे करण्याचे दोन मोठे उद्योग योगायोगाने एकाच वर्षी, १९१९ मध्ये, सुरू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीनजीक विलिंग्डन महाविद्यालय उघडले. या संस्थेच्या संस्थापकांपैकी गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या टेंभूचे, आणि इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कराड सोडून रत्नागिरी, अकोला अशी पायपीट करावी लागली होती. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९९ मध्ये, साताऱ्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि आणखी वीस वर्षांनी सांगलीस कॉलेज आले, तेव्हा जी सोय त्यांना मिळाली नव्हती ती त्यांच्याच मुलुखातील मुलांस लाभली. दुसरा उद्योग कराड तालुक्यातील काले या गावी झाला. तेथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले, आणि सर्व जातींची मुले एकाच पंक्तीस जेवतील असे वसतिगृह चालविले, ज्यास १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. श्रमाच्या मोबदल्यात विनाशुल्क माध्यमिक शिक्षण देणारे महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० मध्ये, छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये आणि कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ मध्ये निघाले. संस्था स्थापण्यापूर्वी ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांचा माल विकण्यासाठी गावोगाव हिंडलेल्या या पुरुषास यंत्राचे आणि हाताच्या कामाचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. प्रयोगशाळेचे मेज ही एक प्रकारची पंगतच आहे, आणि शाहू वसतिगृहात एकत्र जेवलेली मुले जेव्हा कॉलेजच्या मेजाशी खांद्यास खांदा लावून उभी राहिली, तेव्हा गुणांच्या न्यायाचा पाया प्रथमच भक्कम झाला, असे मी मानतो.

त्या मेजापाशी त्यांच्याकडून काय अपेक्षिले जात होते, हे थोड्या विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण जुन्या इंटर सायन्सची आणि तिच्याच वाटेने आलेल्या आजच्या बारावीची खरी कसोटी तेथेच आहे. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्यापुढे कागदाच्या पुडीत एक अज्ञात क्षार ठेवला जातो. विद्यार्थी त्यास नुसते ‘सॉल्ट’ म्हणतात. रंग, वास आणि विद्राव्यता पाहून झाल्यावर तो कोरड्या नळीत तापवावयाचा, कोळशाच्या खळग्यात फुंकनळीने भाजावयाचा, मग तारेच्या टोकावर ज्योतीत धरावयाचा. ज्योत विटकरी झाली तर कॅल्शियम, हिरवट झाली तर बेरियम, जांभळट झाली तर पोटॅशियम, आणि सोनेरी पिवळी झाली तर सोडियम, जे घामेजल्या बोटातूनही तारेस लागत असल्याने उतावळ्या विद्यार्थ्यास हटकून फसविते. त्यानंतर द्रावणाची गटवार तपासणी: विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने पांढरा साका पडला तर पहिला गट, न पडला तर किपच्या उपकरणातील दुर्गंधी वायू सोडून दुसरा, पुढे अमोनियाने तिसरा, आणि असेच सहाव्यापर्यंत. शिसे पहिल्या गटात पुरते न सापडता दुसऱ्यात काळा साका होऊन पुन्हा प्रकट होते, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत लिहिलेले असले तरी ज्याने ते एकदा डोळ्यांनी पाहिले तो आयुष्यभर विसरत नाही. नायट्रेट असेल तर परीक्षानळीच्या कडेने सावकाश सोडलेल्या संहत गंधकाम्लावर तपकिरी कडे उठते, आणि हात हलला तर ते कडे मोडते.

अनुमापनाची परीक्षा याहून कठोर. ऑक्झॅलिक आम्लाचे मोजलेले द्रावण गंधकाम्ल घालून गरम करावयाचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडावयाचे. पहिल्या थेंबाचा रंग रेंगाळतो, पुढचे झरझर विरतात, आणि शेवटी एक थेंब असा पडतो की, फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तो थेंब ओलांडला की गेलेला रंग परत आणता येत नाही, सारे पुन्हा करावे लागते. लागोपाठ जुळणारी वाचने आली पाहिजेत, आणि परीक्षकाच्या जवळच्या उत्तरापासून विद्यार्थ्याचे उत्तर जितके दूर, तितके गुण कमी. येथे वशिला चालत नाही, वक्तृत्व चालत नाही, घराण्याचे नावही चालत नाही. मला या परीक्षेचे इतके महत्त्व वाटते ते याच कारणासाठी. वर्षभर लिहिलेली जर्नल सही होऊन हाती असली पाहिजे, बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे तोंडी परीक्षा दिली पाहिजे, आणि मग गुण.

साधनांची ओढाताण सर्वत्र होती. नळाने येणारा गॅस या गावांस नसल्याने शाळांतून स्पिरिटच्या दिव्यावर काम भागविले जाई. उलट निसर्गाने आणि व्यापाराने दिलेली एक साधनसंपत्ती सांगलीच्या दाराशीच होती: हळद. हरिपूरच्या पेवांतून साठविलेली आणि सांगलीच्या पेठेतून देशभर जाणारी ही हळद अल्कलीच्या स्पर्शाने तांबडी होते, कुंकू करणाऱ्यांस हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि हळदीचा कागद हे रसायनाचे मान्य दर्शक आहे. ज्या शिक्षकांनी हा धडा बाजारातल्या हळकुंडापासून सुरू केला, त्यांच्या वर्गात आम्ल आणि अल्कली हे शब्द घोकावे लागले नसतील. पुढे या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा उसाच्या रसाचे ब्रिक्स आणि पोल मोजण्यास जी तरुण मंडळी प्रयोगशाळांत रुजू झाली, त्यांना नोकरीत उपयोगी पडले ते हाताचे वळण, गुणपत्रकातील आकडा नव्हे.

नियमांचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आली आणि १९४९ पासून एस.एस.सी. सुरू झाली, कोल्हापुरास १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले आणि सातारा-सांगलीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली, १९६६ मध्ये राज्य मंडळ अस्तित्वात आले, कोठारी आयोगाने पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान सर्वांस आवश्यक करावे असे सुचविले, आणि १९७५ मध्ये महाराष्ट्रात अकरावीऐवजी दहावीची शालान्त परीक्षा झाली. उत्तीर्ण होण्यास ३५, द्वितीय श्रेणीस ४५, प्रथम श्रेणीस ६० आणि विशेष प्रावीण्यास ७५ टक्के, हे आकडे आता घरोघरी मुखोद्गत आहेत. विज्ञान सर्वांचे झाले, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु साठ-सत्तर मुलांच्या वर्गास एकच संच असल्यामुळे प्रयोग शिक्षकाने मेजावर करून दाखवावयाचा आणि मुलांनी मागच्या बाकांवरून तो ऐकावयाचा, असाही प्रघात त्याबरोबर पडला.

आज बारावीच्या रसायनास लेखी ७० आणि प्रात्यक्षिकास ३० गुण आहेत. पुढील प्रवेश मात्र सामाईक प्रवेश परीक्षांवर आणि ‘नीट’वर अवलंबून आहेत, ज्यांत चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. परिणाम असा की, ज्या ३० गुणांसाठी पूर्वी विद्यार्थी वर्षभर मेजाशी उभा राहत असे, ते आता बव्हंशी सर्वांस सढळ हाताने वाटले जातात, प्रात्यक्षिकाचे तास शिकवणीच्या सरावास दिले जातात, आणि जर्नल दुसऱ्याची पाहून उतरविली जाते. यात विद्यार्थ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या गोष्टीवरून त्याचे भवितव्य ठरत नाही, तिच्यावर त्याने काळ खर्च करावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? ज्या गुणांत सर्वांस सारखेच मिळते, ते गुण कोणाचेच मापन करीत नाहीत. आणि त्यांत सर्वाधिक नुकसान होते ते ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत पण ज्याचा हात स्थिर आहे, अशा मुलाचे, कारण त्यास वर चढण्याची जी एक निःपक्षपाती शिडी होती तीच काढून घेतली गेली.

म्हणून या दोन जिल्ह्यांतील संस्थाचालकांस आणि पालकांस माझी कळकळीची विनंती आहे. चालकांनी वेळापत्रकातील प्रात्यक्षिकाचा तास दुसऱ्या कशासही देऊ नये, प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र पुडी आणि स्वतंत्र ब्युरेट येईल एवढी तरतूद दरवर्षी आपल्या अंदाजपत्रकात करावी, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकास जर्नलमधील कोणताही एक प्रयोग समोर पुन्हा करावयास सांगण्याची पूर्ण मोकळीक द्यावी. पालकांनी निकालाच्या दिवशी टक्के विचारण्यापूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत मुलगा किंवा मुलगी घरी येईल तेव्हाच, आजवर किती क्षार स्वतःच्या हाताने ओळखलेस, हे विचारावे.