पहिल्या दहा मिनिटांचं भाकीत

पटकथेच्या कार्यशाळांमधून हल्ली एक सूत्र हमखास शिकवलं जातं. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत: गोष्ट कशाची आहे, चित्रपट कुठल्या जातकुळीचा आहे आणि नायक कोण, कसा आहे. यातलं एक जरी राहिलं तरी सुरुवात फसली म्हणायची. सिड फील्ड या अमेरिकी शिक्षकाच्या १९७९ सालच्या पुस्तकामुळे या सूत्राला जगभर पाय फुटले. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, म्हणून पहिली दहा पानं निर्णायक, असा त्याचा हिशेब. आता परीक्षणं लिहिणारेही तोच हिशेब मांडून मोकळे होतात.

पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. सूत्रात तथ्य आहे. तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसाला लवकर थारा मिळाला नाही तर तो चुळबुळ करतो. घरी मोबाइलवर बघत असेल तर चुळबुळही करत नाही, सरळ दुसरं काहीतरी लावतो. शिवाय सूत्र पाळून केलेल्या सुरुवाती चालतात. लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ (२०२५) घ्या. निवेदकाचा आवाज काळ सांगतो, शिवाजी महाराज गेल्याची बातमी औरंगजेबाकडे पोचते आणि पाठोपाठ मराठे बुऱ्हाणपुरावर तुटून पडतात. त्या धामधुमीत संभाजी राजे सिंहाशी झुंजतात. गोष्ट, जातकुळी, नायक, तिन्ही रकाने भरले. बुऱ्हाणपूर आमच्या बुलडाणा जिल्ह्याला लागूनच.

पण हे रकाने कोणासाठी भरले? सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मगाव. दर १२ जानेवारीला लखुजीराव जाधवांच्या वाड्यापुढे जो जनसागर लोटतो, त्यातल्या एकाला तरी जिजाऊंचा नातू कोण होता हे सांगावं लागेल का? १६८९ साली तुळापूरला काय झालं, हे ठाऊक असलेलाच माणूस तिकीट काढून आत जातो. सूत्राचा प्रेक्षक अजाण असतो. मराठी प्रेक्षक बहुतेक वेळा सगळं माहीत असूनच आलेला असतो. सिंहाची झुंज त्याला राजांची ओळख करून देत नाही. ती त्याला जल्लोष करणाऱ्यांत नेऊन बसवते. म्हणूनच शेवटी राजे साखळदंडात दिसतात तेव्हा त्याला हात चोळत बसावं लागतं. सुरुवातीचं खरं काम तिथे झालं, आणि ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

हे आजचं नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा हरिश्चंद्राची गोष्ट ठाऊक नसलेला प्रेक्षक शोधूनच काढावा लागला असता. फाळक्यांनी सुरुवात कशाने केली? राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय आणि तारामती ते बघतेय. सत्याची कसोटी नाही, विश्वामित्र नाही, स्मशान तर दूरच. राजा सत्यवचनी आहे हे या दृश्यातून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. या गोष्टीकडे आधी एका घराची गोष्ट म्हणून बघा, एवढं मात्र ते ठरवून टाकतं.

फाळक्यांना हे कुठल्या कार्यशाळेत शिकावं लागलं नसणार, कारण आपल्याकडे ते कीर्तनात होतंच. नारदीय कीर्तनाचे दोन भाग: पूर्वरंगात एखाद्या पदाचं किंवा अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान सगळ्यांना पाठ. बुवांचं कौशल्य पूर्वरंगात दिसतं. सत्यावर निरूपण केलं तर हरिश्चंद्राचं आख्यान सत्याचं होतं, दानावर केलं तर तेच आख्यान दानाचं होतं. पात्रं तीच, घटना त्याच, नजर बदललेली. पूर्वरंगात उत्तररंगाच्या कथेचं नावसुद्धा निघालं नाही म्हणून कोणी बुवांना बोल लावत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की चित्रपटाच्या सुरुवातीचं नातं या पूर्वरंगाशी आहे. प्रेक्षकाने कुठून बघायचं ते ती ठरवते; कथा, जातकुळी आणि पात्र कळणं हा जमला तर जमला असा वरकड लाभ.

यावर उत्तर येईल की पौराणिक-ऐतिहासिक सोडा, नव्या गोष्टीचं काय? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) नवीच गोष्ट सांगतो. सुरुवातीला लोकशाहीर नारायण कांबळे घरी मुलांना शिकवताना दिसतात. मग ते बाहेर पडतात, कार्यक्रमाच्या मंचावर चढतात, गातात आणि तिथेच पोलीस त्यांना धरतात. विदर्भातल्याच वीरा साथीदारांनी ही भूमिका केली होती. सूत्राप्रमाणे नायक ठरला, विषय ठरला. आणि मग चित्रपट या माणसाला सोडून बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकीलबाईंच्या स्वयंपाकघरात जातो, शेवटी न्यायाधीशांच्या सहलीत जाऊन संपतो. सूत्राने मोजलं तर ही सुरुवात साफ चुकली. पण एकदा कांबळ्यांना गाताना ऐकलं, की पुढच्या प्रत्येक तारखेला तो आवाज बंद आहे हे आपल्याला जाणवत राहतं. हिचकॉकने ‘सायको’त (१९६०) याच्याही पुढची चाल केली. पडद्यावर शहर, वार, तारीख, वेळ, सगळं मिनिटासकट लिहून दाखवलं आणि जी नायिका पक्की केली तिला अर्ध्यावर येण्याआधीच मारून टाकलं.

जातकुळीच्या मुद्द्याला सगळ्यात अडचणीत आणणारा चित्रपट मात्र आमच्या मुलखाचा आहे: सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत बुलडाणा होता. चित्रपटाची सुरुवातच शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येने होते. दहा मिनिटांचं सूत्र इथे काय सांगेल? शोकांतिका, सामाजिक, नायक मेलेला माणूस किंवा त्याची विधवा. प्रत्यक्षात चित्रपट पलीकडच्या घरात शिरतो. किसनाची बायको अलका धसका घेते, की आपलाही नवरा असंच करील. म्हणून ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावते, सासूला लक्ष ठेवायला सांगते, घरात सगळे त्याला जपून वागवू लागतात. किसनाला कळत नाही, एकाएकी आपलं एवढं कौतुक का चाललंय. थेटरात हशा पिकतो, आणि हसता हसता आपणही त्याच्यावर पाळत ठेवून असतो. तो नजरेआड झाला की आपलाही जीव टांगणीला. पहिल्या मृत्यूने आपल्याला किसनाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. अलकाचा संशय तेवढा आपल्या डोळ्यांत घातलेला असतो. कोरडवाहू शेतीच्या घरात रोज असं बघत जगणं म्हणजे काय, हे आत्महत्यांच्या आकड्यांतून कळत नाही. आणि ही सुरुवात जातकुळीच्या बाबतीत आपल्याला चकवते, म्हणूनच हे साधतं.

पूर्वपक्षाचा शेवटचा आणि जाणता युक्तिवाद असा: चांगल्या सुरुवातीत सगळं असतंच, फक्त ते झाकलेलं असतं. दाखला ‘सैराट’चा (२०१६) देतात. गावातले क्रिकेटचे सामने, माइकवरची फर्मास कॉमेंट्री आणि बक्षीस समारंभात नायिका आर्चीचे वडील तात्या भाषण ठोकतात. विरोधकाला घरातली बाई सांभाळता आली नाही, असा टोमणा ते त्यात मारतात. बघा, म्हणतात, शेवट तिथेच सांगितलेला होता.

होता खरा. पण पहिल्यांदा बघताना तो कोणाच्या लक्षात येतो? त्या टोमण्याला मांडवात लोक हसतात आणि थेटरातही हसतात. शेवट पाहून झाल्यावर मागे वळून अर्थ लावणं सोपं असतं. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, तिच्या बाजूने निदान एवढं म्हणता येतं, की तिथे अर्थ आधी ठरलेले असतात. शेतात अठरा धान्यांचं वर्तुळ. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर घागर आणि पापड, कुरडई. पानसुपारी म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं ते पाहून वाघ घराण्यातले जाणते भाकीत सांगतात. भाकितावर माझा विश्वास नाही, पण ते निकालाआधी सांगितलं जातं, म्हणून चुकू तरी शकतं. सुरुवातीत सगळं होतं असं सांगणारा समीक्षक निकाल लागल्यावर मांडणी वाचतो. त्याचं कधीच चुकत नाही, आणि त्याच्या म्हणण्यात दम नसण्याचं कारणही तेच. तात्यांच्या भाषणाने पहिल्या दहा मिनिटांत घडवलं ते वेगळंच: आपल्याला त्यांच्या टोळक्यात बसवून हसवलं. शेवट बघताना घशाशी येतं ते हे आपलं हसणं.

राहिला पात्राचा मुद्दा. याला उत्तर शेगावात आहे. २३ फेब्रुवारी १८७८, देविदास पातुरकरांकडचं जेवण झालेलं, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं एक तरुण वेचून खातोय आणि बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुलकर्णी थबकून बघतायत. गजानन महाराजांची गोष्ट पडद्यावर आणायला निघालेल्या कोणालाही याहून जबरदस्त पहिलं दृश्य मिळायचं नाही. आणि त्यातून नाव कळत नाही, गाव नाही, जात नाही, हा वेडा की ज्ञानी तेही नाही. आपण बंकटलालच्या शेजारी उभे राहून बघत राहतो, एवढंच. कार्यशाळेतला मास्तर हे पान परत पाठवील: पात्र प्रस्थापित झालेलं नाही. दासगणूंनी तर ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात महाराज मूळचे कुठले, कोणाचे याचा उलगडा शेवटच्या, एकविसाव्या अध्यायापर्यंत केलेला नाही, आणि पारायण करणाऱ्यांचं त्यावाचून आजवर काही अडलेलं नाही.