शिरोड्याची समतल जमीन

शिरोडा म्हटले की आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना १९२० ते १९३८ या काळात तेथे शिकवणारे वि. स. खांडेकर आठवतात, नाहीतर १९३०चा मिठाचा सत्याग्रह. तो ज्या जमिनीवर घडला, तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. मिठागराचा तळ चिखल तुडवून, चोपून सपाट करावा लागतो. पाणी आपली पातळी सोडत नाही; तळ कलला तर ते एकीकडे खोल साचते, दुसरीकडे आधी आटते आणि मीठ सारखे धरत नाही. घरात मोठे मत्स्यालय मांडणाऱ्यालाही पाणी भरण्याआधी जमीनच पारखावी लागते. सत्याग्रहींच्या मुठीतल्या मिठामागे मिठागरातल्या अनाम मजुरांचे हे कष्ट होते. आम्ही मुठीचा इतिहास लिहिला. तळाचा अजून लिहायचा आहे.