हरताळाखालचे अक्षर

वचनांना हरताळ फासल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पण खरा हरताळ आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? सोमल आणि गंधक यांचे हे पिवळे खनिज. (सोमल आमच्या औषधपेटीतही असतो, पण वेगळ्या कामासाठी.) पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळ फासत आणि वर नवे अक्षर लिहीत. आमच्या घरच्या एका पोथीत काही ठिकाणी हरताळाचा पोपडा उडाला आहे. तिथे खालचे जुने अक्षर अजून वाचता येते.

कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण तीच असते. चुकलेले झाकायचे कसे, आणि झाकलेलेच बरोबर होते असे उद्या वाटले तर ते शोधायचे कुठे?

१९६८ साली लंडनमध्ये लेन डेटन या कादंबरीकाराच्या घराची खिडकी काढून एक यंत्र आत घेण्यात आले. आयबीएमचा हा टंकलेखक सुमारे नव्वद किलो वजनाचा होता. त्याला पडदा नव्हता. टंकलेली अक्षरे शेजारच्या कपाटातील चुंबकीय फितीवर साठत. तोवर एखादे प्रकरण बदलायचे म्हणजे ते सारे पुन्हा टंकायचे, आणि हे काम डेटन यांच्या सहायक एलेनॉर हँडली यांच्या वाट्याला येई. आता बदललेला भाग तेवढा नवा टंकला की उरलेले यंत्र आपोआप छापून देई. एकाच बॉम्बहल्ल्याभोवती असंख्य पात्रे फिरवणारी ‘बॉम्बर’ ही कादंबरी अशी तयार झाली आणि १९७० साली प्रसिद्ध झाली. वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली पहिली कादंबरी बहुधा हीच, असे अभ्यासक मानतात. त्या बाईंची बोटे वाचली हे मला त्या मानापेक्षा मोठे वाटते.

पुढे १९७८ चे वर्डस्टार आले, घरोघरी संगणक आले आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवणे दोन कळांचे काम झाले. पण जुने अक्षर मात्र हरवले. फाइल ‘सेव्ह’ केली की कालची आवृत्ती संपली. हा हरताळ नव्हे, हे खरवडणे झाले.

मीही ते केले आहे. १९९७ च्या सुमारास दवाखान्यातल्या संगणकावर मी आजोबांच्या भुसार दुकानावर कादंबरी लिहायला घेतली. पेशंट नसले की तीच फाइल उघडायची, सुधारायची, सेव्ह करायची. पहिल्या खर्ड्याची छापील पाने पुड्यांच्या बाहेरच्या गुंडाळीसाठी कापली. प्रकरणेच्या प्रकरणे अशी खडेबाजार-शहापुरात वाटली गेली. काही वर्षांनी नव्या संगणकावर फ्लॉपी उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती, पण आपल्याकडे प्रत्येक मराठी फॉन्टचे संकेत वेगळे, आणि माझा फॉन्ट जुन्या संगणकाबरोबर गेला होता.

कापायची राहिलेली पाच प्रकरणे कपाटात सापडली. ती वाचताना मात्र मी चरकलो. आजोबा दिवस मावळायच्या आत जेवत. गिऱ्हाइकाने हाक मारली की आतून ओरडत, “जेवूलालोय!” पहिल्या खर्ड्यात ते तसेच होते. नंतरच्या सुधारणांत मी त्याचे ‘जेवतो आहे’ केले होते, हे मला पक्के आठवते. पुण्याच्या वाचकाला कळावे म्हणून बेळगावचा माणूस मी स्वतःच्या हाताने घालवला होता.

आमच्या हानेमान यांनी ‘ऑर्गनॉन’च्या १८३३ च्या पाचव्या आवृत्तीत कोरी पाने बांधून घेतली आणि त्यांवर दुरुस्त्या लिहिल्या. जुने छापील आणि नवे हस्तलिखित समोरासमोर. १८४३ साली ते वारले. सहावी आवृत्ती निघाली १९२१ मध्ये, त्या पानांवरूनच. केसपेपरवरही आम्ही जुने औषध एक रेघ मारून खोडतो, गिरवून टाकत नाही. एवढे ठाऊक असून कादंबरीला मी तो नियम लावला नाही.

आता मी ‘स्क्रिव्हनर’ वापरतो. इंग्लंडच्या कीथ ब्लाउंट यांना कादंबरी लिहायची होती. मनासारखे साधन मिळेना म्हणून ते प्रोग्रॅमिंग शिकले, आणि २००७ साली हे साधन बाहेर आले. यात प्रत्येक प्रसंगाचे एक कार्ड असते आणि कार्डे फळ्यावरच्यासारखी हलवता येतात. आजोबांचा मृत्यू नवव्या प्रकरणातून मी पहिल्यात आणला, तेव्हा दुकानाची उधारी आपोआप कथेच्या मध्यभागी आली. पण मला त्यातला ‘स्नॅपशॉट’ सर्वांत मोलाचा वाटतो. दुरुस्तीआधी प्रसंगाची प्रत काढून ठेवायची. पुढे नवे-जुने ताडून पाहता येते, हवे तर परतही आणता येते. ती प्रत आपण आठवणीने काढायची असते, हे मात्र विसरू नका.

सध्या दर रविवारी शहापूरला धाकट्या आत्याला प्रकरणे वाचून दाखवतो. “बाबा असं बोलत नव्हते रे,” म्हणून ती अडवते, आणि दोन आठवड्यांनी स्वतःच आपले म्हणणे फिरवते. उधारीच्या वहीच्या प्रसंगाचे आतापर्यंत नऊ स्नॅपशॉट झाले आहेत.