भविष्यकथनाचा काळ : 'तरुणीशिक्षणनाटिका' आणि 'पालखीचा गोंडा'

नारायण बापूजी कानिटकर यांच्या १८८६ मधील 'तरुणीशिक्षणनाटिके'चे लांबलचक उपशीर्षक स्त्रीशिक्षण व स्त्रीस्वातंत्र्य यांचे 'भविष्यकथन' करण्याची प्रतिज्ञा करते. वाङ्मयेतिहासात या नाटिकेची नोंद बहुधा सुधारणाविरोधी प्रहसनांच्या यादीत होते आणि तेथेच संपते. शिकलेल्या मुलींमुळे समाज रसातळाला गेला नाही, सबब भाकीत खोटे ठरले, एवढे म्हटले की समीक्षेचे कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. हा निकाल घाईचा आहे.

नाटिकेला भविष्य शोधण्यासाठी फार दूर पाहावे लागले नव्हते. पुण्यात मुलींचे हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले होते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळवली. मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला चालू होता. अजाण वयात, संमतीवाचून झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे नांदायला जाण्याचा अथवा सहा महिन्यांच्या कैदेचा पर्याय दिला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दर्शवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

या पार्श्वभूमीवर सुधारकांचे प्रतिपादन पुन्हा वाचले पाहिजे, कारण तेही भविष्यकथनच होते. शिकलेली मुलगी अधिक सुजाण पत्नी आणि अधिक समर्थ माता होईल, घराची घडी मोडणार नाही, उलट ती अधिक नीटनेटकी बसेल, असे आश्वासन त्यांच्यापैकी बहुतेकांनी दिले. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे म्हणणारे आगरकर हा ठळक अपवाद. अक्षरओळख स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबणार नाही, ती विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारील, हे मात्र प्रहसनकारांनी भीतीपोटी का होईना ताडले. हिंदू घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला, देशाच्या पातळीवर हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. बदलाची दिशा विरोधकांनी ओळखली होती. चुकले ते तिचे मोल. प्रहसनाने ज्याला अनर्थ म्हटले, त्याला पुढच्या पिढ्यांनी हक्क म्हटले. येथे भाकीत खरे ठरले की खोटे, हा प्रश्नच अपुरा पडतो.

याचे एक कारण रूपबंधात आहे. ज्योतिषी 'होईल' म्हणतो; रंगभूमीला ही सोय नाही. रंगमंचावर जे दिसते ते डोळ्यांदेखत घडत असते. भविष्यकाळाचे असे वर्तमानकाळात रूपांतर झाले की, कथनाचा स्वर भाकिताचा न राहता इशाऱ्याचा होतो आणि इशाऱ्याचे यश तो खोटा ठरण्यात असते. मुलींना शाळेतून काढले गेले असते तर नाटिका विजयी झाली असती, तिचे भविष्य मात्र कधीच घडले नसते.

काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही १९२८ मध्ये प्रकाशित झालेली कादंबरी याच्या नेमकी उलट बाजूस उभी आहे (आडनाव तेच, हा योगायोग समीक्षकाला मोह पाडणाराच). येथे एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती येतो आणि स्त्रियांच्या हिताची राज्यरचना साकारते. ही आशाही भविष्यकाळी क्रियापदात मांडलेली नाही; कादंबरीच्या रूढ भूतकाळात ती जणू घडून गेलेली हकीकत म्हणून येते. 'होईल' म्हणणाऱ्याला पुरावा मागता येतो, 'झाले' म्हणणाऱ्याशी वाद घालणे अवघड. लग्नानंतर पतीच्या आग्रहाने शिकलेल्या, आणि त्यापायी घरच्यांचा रोष सोसलेल्या लेखिकेने हा काळ निवडावा, यात नवल नाही.

मराठी समीक्षेत 'द्रष्टा' हे विशेषण उदारपणे वाटले जाते, पण ते ज्याची आशा फळली त्यालाच मिळते. ज्याची भीती अचूक निघाली त्या प्रहसनकाराच्या वाट्याला ते येत नाही. हे विशेषण दृष्टीचे वर्णन करत नसून पक्ष सांगत असते.

काशीबाईंनाही ते जसेच्या तसे लावता येणार नाही. त्यांच्या कल्पनेतील स्त्रीसत्ता संस्थानी सिंहासनाच्या वाटेने येते; मतपेटीची वाट कथेत नाही. वस्तुतः मुंबई इलाख्यातील स्त्रियांना, मालमत्तेच्या अटींनी मर्यादित का होईना, कायदेमंडळासाठी मताधिकार १९२१ मध्येच मिळाला होता. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वी सात वर्षे तिचे भविष्य दुसऱ्याच दाराने आत आले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर संस्थानेच विलीन झाली आणि त्या स्वप्नाचे वाहन नाहीसे झाले. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा गावच्या कारभारात आलेल्या हजारो स्त्रियांपैकी कोणीही राणी नव्हती.